देवराईतली ट्रंक

आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्यानं सगळ्यात आधी चौकशी केली ती कडीची. चहा समोर ठेवला होता, संस्थेचे साहेब त्याची ओळख करून देत होते, आणि हा दाराकडे बघत बसला होता. मग मला म्हणाला, "मॅडम, या दाराला कडी आतून आहे की बाहेरून?"

"दोन्हीकडनं हाय," मी म्हटलं. "दाराला असती तशी."

"बाहेरची काढून टाकली तर चालेल?"

साहेब हसले. मी हसले नाही, कारण तो हसत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारून स्क्रू ड्रायव्हर मागून आणून त्यानं बाहेरची कडी उतरवली आणि स्क्रूंसकट माझ्या हातात दिली. तेव्हापासून त्या घराला बाहेरून कुलूप लागत नाही. कुणीतरी एकानं घरात थांबावंच लागतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असते.

हे घर डिंगोऱ्यात आमच्या शेताच्या बांधाला लागून आहे. बालगृहातली मुलं अठरा पूर्ण झाली की कायद्यानं मोठी होतात. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत त्यांना फाटकाबाहेर जायला परवानगी लागते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचं स्वतः बघायचं असतं. असं एकदम बघता येत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, म्हणून अशी घरं निघाली. एकविसाव्या वर्षापर्यंत पोरांनी तिथं राहायचं, काहीतरी शिकायचं, कामाला लागायचं आणि निघायचं. सरकारी भाषेत त्याला अनुरक्षण गृह म्हणतात. गावात 'पोरांची खोली' म्हणतात. मी आयुष्यभर अंगणवाडीत मदतनीस होते. तिथून सुटले ती इथं आले. दोन वेळचा स्वयंपाक करते आणि न विचारता सल्ले देते.

तेव्हा घरात तीन पोरं होती. बाकी दोघं सरळ होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गावानं याचं नाव मात्र आठवड्याभरात 'इन्स्पेक्टर' ठेवलं.

त्याचा एकच शब्द होता: "कशावरून?" आज गुरुवार आहे म्हटलं की "कशावरून?" दूध नासलंय म्हटलं की "कशावरून?" त्यात भांडण नसायचं, कुत्सितपणा तर अजिबात नाही. आवाज मऊ, चेहरा गंभीर. त्याला खरंच माहिती हवी असायची. मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवायची, तर तो ते कॅलेंडर कोणत्या वर्षाचं आहे ते बघायचा.

एसटीची वेळ तो तिघांना विचारायचा: मला, फाट्यावरच्या दुकानदाराला आणि मग कंडक्टरला. तिघांची उत्तरं वेगवेगळी यायची. माणसांवर विश्वास ठेवू नये हे त्याला बालगृहात कळलं होतं, ते एसटीनं पक्कं केलं.

जेवायला बसला की मी पहिला घास खाईपर्यंत तो ताटाला हात लावायचा नाही. पहिले काही दिवस मला वाटलं, पोराला वळण चांगलं आहे. मग कळलं की तो माझ्याकडे बघतोय, मला काही होतंय का म्हणून. मी म्हटलं, "बाबा, मला विष घालायचंच असतं तर भाजीत कशाला वाया घालवू? चहात घातलं असतं." ही थट्टा होती. त्यानंतर त्यानं चहाही माझ्या आधी पिणं सोडलं.

एकदा गावात बिबट्याबद्दल सांगायला वनखात्याचा माणूस आला होता. आमच्याकडे उसात बिबटे आहेत, ते काही नवीन नाही. सगळे शाळेसमोर जमले होते. तो माणूस म्हणाला, "घाबरू नका. बिबट्या खरं तर माणसाला घाबरतो." मागून मऊ आवाज आला, "कशावरून?" त्या माणसानं बरंच समजावलं. सगळं ऐकून घेऊन हा म्हणाला, "हे बिबट्याला माहीत आहे का?" सभा तिथंच संपली.

असा तो का होता, ते मला गोधडीवरून कळलं. पहिल्या थंडीत मी तिघांना माझ्या हातच्या गोधड्या दिल्या. बाकीच्या दोघांनी अंगावर ओढून घेतल्या. यानं उलगडली, खांद्यावर टाकली आणि सरळ उभा राहिला, दोन्ही हात खाली, तोंड माझ्याकडे. मला कळेना. थोड्या वेळानं म्हणाला, "झाला का फोटो?"

संध्याकाळी त्यानं गोधडी नीट घडी करून माझ्या ओट्यावर आणून ठेवली. बालगृहात देणगीदार यायचे तेव्हा तसंच व्हायचं. नवीन पांघरुणं यायची, फोटो निघायचा, गाडी फाटकाबाहेर पडली की पांघरुणं कपाटात जायची. पुढच्या देणगीदारांच्या वेळी तीच बाहेर निघायची. त्यानं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पद्धत म्हणून सांगितलं. मी गोधडी परत त्याच्या खाटेवर टाकून आले आणि घरी जाऊन रडले.

आता ट्रंक. हिरवी पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगानं आकडा काढलेला, नाव नाही. त्याच्या मालकीचं जे काही होतं ते तिच्यात असायचं: दाखले, आयटीआयचं प्रमाणपत्र, कपडे आणि चपला. चपलासुद्धा. घरात आला की चपला पुसून ट्रंकेत, आणि मोरीत जायचा ते अनवाणी. जेवायचा ट्रंकेवर बसून. झोपायचा तिला पाय लावून. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तर त्यानं आभार मानून तो रिकामाच ठेवला.

आणि एके दिवशी ट्रंक दिसेना. मी एक दिवस बहिणीकडे ओतूरला गेले होते, परत येऊन बघते तर खाटेखाली नुसती फरशी.

"ट्रंक कुठं रं?"

"ठेवली."

"कुठं ठेवली?"

"सुरक्षित आहे, मॅडम."

यापुढे त्याच्याकडून काही निघालं नाही. मी मनातून हादरले होते. अशी पोरं घर सोडून जातात ती एकदम जात नाहीत, असं साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं. आधी सामान जातं, मग माणूस जातो. त्यानंतर रोज सकाळी उठून मी आधी त्याची खाट बघायची. तो असायचा. पण मला चैन नव्हतं.

पावसाळा सरला आणि त्याला चाकणच्या एका कंपनीतून फोन आला. वायरमनचं काम. सोमवारी मूळ कागदपत्रं घेऊन या, ती बरोबर असली तर पुढच्या महिन्यापासून हजर व्हा. त्याला एकवीस पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिले होते, म्हणजे घर तर सुटणारच होतं, ही नोकरीही गेली तर हातात काहीच उरणार नव्हतं. मी गूळ आणला, शेंगदाणे भाजले, लाडू वळले. हा मात्र त्याच दिवशी कुठंतरी जाऊन संध्याकाळी परत आला तो तोंड पाडून. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटल्याशिवाय तो कधीच आत यायचा नाही.

"मॅडम, ट्रंक आहुप्याला आहे."

"आहुप्याला कुनाकडं?"

"कुणाकडे नाही. देवराईत."

मी हातातला लाडू खाली ठेवला.

घरातला दुसरा पोरगा त्या बाजूचा होता. त्यानं कधीतरी सांगितलं होतं की आहुप्याच्या देवराईतली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नाही. ते रान देवाचं. झाड पडलं तर पडल्या जागी कुजतं, पण चुलीत जात नाही. यानं अर्थातच "कशावरून?" विचारलं आणि त्या पोराला उत्तर देता आलं नाही. मग हा स्वतः गेला. एक नवा कोरा स्टीलचा पेला देवराईतल्या दगडावर ठेवून आला. काही आठवड्यांनी परत जाऊन बघितलं, पेला जागच्या जागी. भर पावसात पुन्हा गेला. पेल्यात पाणी साचलेलं, पण पेला होताच. इतक्या वर्षांत त्याच्या परीक्षेत पास झालेली ही पहिली जागा. मग त्यानं टोमॅटोच्या शेतात अंथरतात तो काळा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर मिळवला, रोजचे कपडे आणि चपला काढून घेऊन ट्रंक त्यात गुंडाळली, एसटीनं आहुप्याला नेली आणि एका मोठ्या झाडाच्या मुळ्यांत बसवून आला. सगळा विचार केला होता. फक्त एक सोडून. जिथून कुणालाच काही नेता येत नाही, तिथून त्यालाही नेता येणार नव्हतं.

तो ट्रंक आणायला गेला तेव्हा गुरं राखणाऱ्या एका बाईनं त्याला लांबून हाक मारली, "ए पावणं, हात लावू नगंस!" गाव गोळा झालं आणि हा रिकाम्या हातानं परत आला.

शनिवारी आम्ही दोघं निघालो. घोडेगावपर्यंत एसटी मिळाली. तिथून डिंभ्याला पोचलो आणि पुढच्या एसटीची वाट बघत बसलो. मासळीवाल्या बाईनं सांगितलं आज गाडी येणार नाही, चहावाल्यानं सांगितलं येणार, आणि शेवटी आम्ही दुधाच्या जीपमध्ये बसून गेलो. वाटेत धरणाचं पाणी दिसत होतं.

देवराईच्या तोंडाशी देऊळ आहे. तिथं चारपाच माणसं आणि देवाचं करणारे एक म्हातारे बाबा बसले होते. तिथूनच मला ट्रंक दिसली. तिच्यावर हळदकुंकू होतं, सुकलेला झेंडूचा हार होता आणि शेजारी फोडलेल्या नारळाची करवंटी. कुणीतरी देवाला वाहिलेली वस्तू आहे असं गाव समजून चाललं होतं. काळ्या मल्चिंग पेपरातली ती ट्रंक तशी दिसतही होती देवासारखी.

बाबांनी याला जवळ बोलावलं.

"ही पेटी तुजी?"

"हो."

"कशावरनं?"

मी पदर तोंडाला लावला. उभ्या जन्मात त्याला कुणी हा प्रश्न उलट विचारला नव्हता. त्यानं खिशातून किल्ली काढली.

"किल्ली काय, कुनाकडंबी सापडंल," बाबा म्हणाले. "आत काय काय हाय ते सांग."

त्यानं सगळं सांगितलं, चपलांच्या जुन्या जोडासकट. बाबांनी मान हलवली. "तुजीच हाय. आमाला काय करायचीय तुजी पेटी? पर हितनं पान बी भाईर जात न्हाई. उद्या गुरं आजारी पडली, कुनी अंथरूण धरलं, तर गावानं कुनाकडं बघायचं? पेटी न्यायची तर घरचं मानूस उभं कर. आई, बाप, चुलता, कोनबी. त्यानं देवाम्होरं हात ठिवून बोलायचं, कोप झाला तर माज्यावर. मग ने."

"माझं कुणी नाही," तो म्हणाला. तारीख सांगावी तसं म्हणाला.

"मी हाय," मी म्हटलं.

"तुमी कोन लागता त्याच्या?"

याचा मी आधी विचार केला नव्हता. "मी त्याचा सैपाक करते," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, "मंग घरच्याच की."

खरं तर आमच्या घरात देव्हारा नाही. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तो उतरवला, तो पुन्हा चढला नाही. माणसानं माणसासारखं वागावं, एवढंच आम्ही शिकलो. त्यामुळे फसवाफसवी नको म्हणून मी आधीच सांगितलं, "बाबा, मी देव मानत न्हाई."

"नगा मानू," बाबा म्हणाले. "शबुद देताय न्हवं? तेवढा बास हाय."

मी पुढं झाले. देवाच्या दगडाकडं हात नेला, तोच यानं माझा दंड धरला. कधी कुणाला हात न लावणारा पोरगा.

"नको. राहू दे ट्रंक."

"आरं, सोमवारी कागद लागत्यात."

"कागद परत काढता येतात," तो म्हणाला. "मावशीला काय झालं तर मी कुठनं..." आणि तिथंच थांबला.

जवळजवळ तीन वर्षं मी मॅडम होते. बाकीची पोरं मला मावशी म्हणायची ते यानं ऐकलं होतं, पण स्वतः कधी म्हणाला नव्हता. माझे डोळे भरून आले. पण चार माणसांत रडायची मला सवय नाही, म्हणून मी त्याच्यावर खेकसले, "सोड हात. लाडू करून ठिवल्यात मी, नोकरीचे. ते काय आता गुरांना घालू?" मग दगडावर हात ठेवला आणि स्पष्ट बोलले, "कोप झाला तर माज्यावर."

बाबांनी स्वतः ट्रंक उचलून बाहेर आणली. वरच्या पेपरला चिकटलेलं एक वाळकं पान त्यांनी अलगद सोडवलं आणि परत आत नेऊन ठेवलं. आत सगळं कोरडं होतं.

सोमवारी कागद दाखवून झाले, नोकरी पक्की झाली, आणि इन्स्पेक्टरचा खरा उद्योग तिथून सुरू झाला. मी त्या देवाला मानत नव्हते, पण तो मानायला लागला होता. त्याचा हिशेब सरळ होता. देवराईतलं कुणी उचलत नाही, हे त्यानं पेला ठेवून तपासलं होतं. ते खरं निघालं. म्हणजे कोपाचंही खरं असणार.

तो माझ्या मागं मागं फिरू लागला. मी विहिरीकडं निघाले की पुढं जाऊन वाटेतले दगड बाजूला करायचा. गॅसची नळी सकाळ-संध्याकाळ वास घेऊन बघायचा. मी शिंकले की हातातलं काम टाकून उभा राहायचा. एक दिवस मला जुन्नरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्तदाब उत्तम आहे. "कशावरून?" यानं विचारलं. डॉक्टरांनी पट्टा बांधून परत मोजला, तेवढाच आला. मग त्याचं समाधान व्हावं म्हणून त्याचाही मोजला, तर तो जास्त निघाला.

हजर व्हायचा दिवस जवळ येऊ लागला तसं तो जायचं नावच काढेना. कंपनीला फोन करून विचारलं की हे काम डिंगोऱ्यातून करता येईल का. कंपनीनं नाही म्हणून सांगितलं. मग मला म्हणाला, "इकडंच शेतमजुरी करतो. कुठंतरी खोली बघतो."

"आन् वायरमन कशाला झाला रं?"

"तुम्ही आजारी पडलात तर बघायला कोण आहे?"

"नवरा हाय. गाव हाय. आन् मी आजारी पडनार न्हाई."

"कशावरून?"

त्या शब्दाला मी तीन वर्षं पुरून उरले होते. कॅलेंडर दाखवलं होतं, दुधाचा वास दिला होता, आधी घास खाऊन दाखवला होता. या वेळी माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

"मी सांगते म्हनून," मी म्हटलं.

मला वाटलं आता शेजारी विचारायला जाईल. तो खाटेखाली वाकला, ट्रंक ओढली आणि कपडे भरायला लागला.

तो निघायचा त्या दिवशी सकाळी मी उठले ती अंग मोडून. कपाळ तव्यासारखं तापलेलं, सांधे धरलेले. गावात अर्ध्या घरांत तापाची साथ होती. देवाचा यात काही संबंध नव्हता, डासांचा असेल. पण हे त्याला कोण पटवून देणार? मी थंड पाण्यानं तोंड धुतलं, पावडर लावली, थंडी वाजत असताना शाल घेतली नाही, भाकरी थापल्या, डबा भरला आणि त्याच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत गेले.

एसटी लांबून दिसली तेव्हा त्यानं विचारलं, "मावशी, बरी आहेस ना?"

"ठणठणीत," मी म्हटलं.

पाया पडायला तो वाकला नाही. देणगीदारांच्या पाया पडून त्याचं पोट लहानपणीच भरलं होतं. त्यानं हात पुढं केला. माझा हात धरला असता तर त्याला चटका बसला असता, म्हणून मी त्या हातात डबा दिला. "सरळ धर, तेल सांडंल," म्हटलं. तो "येतो" म्हणून चढला, ट्रंक वर ओढून घेतली आणि खिडकीतून बघत राहिला. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. मग खाली बसले. दुकानदारानं मोटारसायकलवरून घरी आणून सोडलं.

त्या आठवड्यात तो रोज संध्याकाळी फोन करायचा. झोपून बोललं की आवाज कळतो, म्हणून नवरा मला उशीला टेकवून बसवायचा आणि मग फोन हातात द्यायचा. "ठणठणीत," मी म्हणायची. "बरं," तो म्हणायचा. आणखी काही विचारायचा नाही, आमच्या घरात दुसऱ्या कुणाला फोन करायचा नाही. मी म्हणाले म्हणजे तसंच, असं धरून तो कामाला जायचा.

चाकणला त्याचं बरं चाललंय. खोली घेतली आहे, मित्र आहेत, सणाला येतो. मध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी ओतूरला बहिणीच्या घरी लग्नाला गेले होते. मोतीबिंदू काढला, तेव्हा माझा फोन बिघडला होता. त्याच्या माहितीप्रमाणे मी तेव्हापासून एकदाही आजारी पडलेली नाही.